तीन कॅमेरे, एक रास्पबेरी पाय ४ आणि मोडकी 'आर्द्रता': एफएफएमपेग स्वतः कंपाइल करताना

तासगाव तालुक्यात माझ्या मामांची द्राक्षबाग आहे आणि बागेला लागून बेदाण्याची शेड. २०२४ च्या दिवाळीनंतर त्यांनी गेट, विहीर आणि शेड अशा तीन ठिकाणी कॅमेरे बसवून घेतले. कॅमेरे १०८०पी चित्र एच.२६५ मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या नव्या पद्धतीत देतात, त्यामुळे रेकॉर्डिंगची हार्डडिस्क जास्त दिवस पुरते. पण शेडवर राखणीला असलेल्या तात्यांचा फोन जुना. त्याच्या ब्राउझरमध्ये एच.२६५ उघडतच नाही. कॅमेऱ्याचा दुसरा, हलका स्ट्रीम एच.२६४ या जुन्या पद्धतीत मिळतो खरा, पण त्यात उभा आहे तो माणूस की बुजगावणं, हेही कळत नाही.

त्यात मामांची मागणी वेगळीच. "चित्रावरच शेडमधली आर्द्रता दिसली पाहिजे. ढग आले की मला जागेवर कळलं पाहिजे. आणि मराठीत लिही, तात्यांना वाचता यायला हवं." बेदाणा जाळीवर वाळत असताना अवकाळीची दमट हवा लागली की माल काळा पडतो आणि सौद्यात दर बसतो, त्यामुळे मागणी रास्तच होती. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये नाव लिहायची सोय आहे, पण ती इंग्रजीपुरती.

म्हणजे काम असं ठरलं: तीन स्ट्रीम घ्यायचे, एच.२६५ उलगडायचं, वर मराठी मजकूर लिहायचा, एच.२६४ मध्ये परत बांधायचं आणि फोनला द्यायचं. चोवीस तास. शेतातल्या विजेचा भरवसा नाही, म्हणून मशीन इन्व्हर्टरवर निवांत चालेल इतकं लहान हवं. हे सगळं एफएफएमपेग हे मोफत सॉफ्टवेअर एकटं करतं. ते कंपाइल करावं लागेल, म्हणजे सोर्स कोडपासून स्वतः तयार करावं लागेल, हे मात्र डोक्यात नव्हतं.

मशीन कुठलं घ्यायचं यात थोडा वेळ गेला. दुकानदार रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरचं नवं मॉडेल, पाय ५, गळ्यात मारत होता, "नवीन आहे, दुप्पट फास्ट आहे." प्रोसेसर म्हणून ते खरंच आहे. पण पाय ५ मध्ये एच.२६४ बांधणारा हार्डवेअर एन्कोडरच नाही, एच.२६४ उलगडणारा हार्डवेअर डिकोडरही नाही. आहे तो फक्त एच.२६५ चा डिकोडर. २०१९ च्या पाय ४ मध्ये दोन्ही बाजू आहेत: ४के ६० फ्रेमपर्यंत एच.२६५ उलगडणारा भाग आणि १०८०पी ३० फ्रेमपर्यंत एच.२६४ बांधणारा भाग. माझ्या कामाला जुनंच मशीन योग्य होतं. ४ जीबीचा पाय ४ साडेपाच हजारांच्या आसपास पडला. मूळ कंपनीचा ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर, ॲल्युमिनियमची केस आणि एक लहान एसएसडी मिळून आणखी साडेतीन हजार. एसएसडीवर काटकसर करू नका. वीज गेली की मेमरी कार्ड कधी ना कधी दगा देतंच.

डिसेंबरअखेर डेबियन लिनक्सच्या बुकवर्म आवृत्तीवर आधारलेली ६४ बिट रास्पबेरी पाय ओएस टाकली. तिच्यासोबत एफएफएमपेग ५.१ तयार येतं, आणि त्यात पायच्या हार्डवेअरसाठीचे बदल आधीच घातलेले असतात. (कमांडी आणि पर्याय मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायचे.) एक सांगणं: काहीही कंपाइल करण्याआधी या तयार एफएफएमपेगवर हार्डवेअर चालतंय का ते पाहून घ्या. पुढे काही अडलं तर दोष मशीनचा की बिल्डचा, हा गोंधळ उरत नाही. डेव्ह फोल्डरमध्ये व्हिडिओ११ म्हणजे एच.२६४ एन्कोडर आणि व्हिडिओ१९ म्हणजे एच.२६५ डिकोडर. दोन्ही दिसले. 'एचडब्ल्यूएक्सेल डीआरएम' देऊन गेटचा स्ट्रीम लावला, एन्कोडर म्हणून 'एच२६४_व्ही४एल२एम२एम' दिला आणि टॉप या कमांडमध्ये पाहिलं तर प्रोसेसर जवळजवळ मोकळा. वाटलं, झालं काम.

मग वर मजकूर लिहायला घेतला. एफएफएमपेगमध्ये त्यासाठी ड्रॉटेक्स्ट नावाचा फिल्टर आहे. 'गेट' बरा आला. 'विहीर' मध्ये पहिली वेलांटी व च्या मागे जायच्या ऐवजी पुढे येऊन बसली. 'आर्द्रता' तर पार विस्कटली: आ, मग सुटा र, त्याच्या खाली लोंबणारा हलन्त, मग द, पुन्हा हलन्त, मग पूर्ण र. रफार नाही, द्र नाही. फाँट बदलून पाहिले तरी तेच.

कारण फाँटमध्ये नव्हतं. देवनागरीत अक्षरं टाइप होतात त्या क्रमाने दिसत नाहीत. वेलांटी मागे नेणं, रफार पुढच्या अक्षरावर चढवणं, जोडाक्षर घडवणं हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. फोनवर आणि ब्राउझरमध्ये आपल्याला ते कळतही नाही इतकं ते ठरून गेलेलं आहे. एफएफएमपेगच्या ड्रॉटेक्स्टने मात्र हार्फबझ घेतलं ते ६.१ या आवृत्तीत, नोव्हेंबर २०२३ मध्ये. माझ्याकडे होती ५.१. अरबीसाठी उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सोय त्यात आधीपासून होती, आपल्या जोडाक्षरांना कोणी वाली नव्हता.

नावाचं पीएनजी चित्र करून चिकटवणं हा सोपा मार्ग होताच, आणि नुसती नावं असती तर मी तोच घेतला असता. पण आर्द्रतेचा आकडा दर मिनिटाला बदलणार. सबटायटलच्या वाटेने गेलं तर मराठी नीट उमटतं, पण तिथे चालू स्ट्रीमवर मजकूर बदलत ठेवणं कटकटीचं. ड्रॉटेक्स्ट एखाद्या फाइलमधून मजकूर वाचतं आणि फाइल बदलली की चित्रावरचा मजकूरही बदलतं. मला तेच हवं होतं.

म्हणून जानेवारीच्या सुरुवातीला एफएफएमपेगच्या अधिकृत साइटवरून नवा सोर्स उतरवला आणि कंपाइल केला. 'आर्द्रता' अगदी छापल्यासारखी आली. पण प्रोसेसरचे चारही कोर भरले आणि तापमान चढत गेलं. अधिकृत एफएफएमपेगमध्ये एच.२६४ चा एन्कोडर सापडला, कारण तो जुन्या, सरळ पद्धतीचा आहे: चित्र आत द्या, डेटा बाहेर घ्या, मधलं हार्डवेअर बघून घेतं. पायचा एच.२६५ डिकोडर तसा नाही. प्रत्येक फ्रेमची माहिती, आधीच्या कुठल्या फ्रेमचा आधार घ्यायचा ते सगळं सॉफ्टवेअरने वाचून त्याच्या हातात द्यावं लागतं. याला व्ही४एल२ रिक्वेस्ट पद्धत म्हणतात, आणि तिचा पाठिंबा मी उतरवलेल्या अधिकृत सोर्समध्ये नव्हता; तो तेव्हा पॅचच्या रूपाने बाहेरच फिरत होता. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. तयार एफएफएमपेगला हार्डवेअर येतं पण मराठी येत नाही, नव्याला मराठी येतं पण हार्डवेअर नाही.

इथे दोन-तीन संध्याकाळी नुसत्या वाचनात गेल्या. शोधलं की जे लेख वर येतात त्यातले बरेचसे आता निरुपयोगी आहेत. त्यात एमएमएएल आणि ओएमएक्स चालू करायला सांगतात. ते ३२ बिट ओएसच्या जमान्यातलं. ६४ बिटवर त्या लायब्ररी मिळतच नाहीत, कॉन्फिगर, म्हणजे कंपाइलआधीची तपासणी, तिथेच अडतं. लेखात ही दोन नावं दिसली की पुढे वाचू नका. तसंच 'नॅझम इन्स्टॉल करा' हे वाक्य. नॅझम हा इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरचा असेंब्लर आहे. एआरएमवर त्याचा उपयोग नाही, इथलं असेंब्ली जीसीसीच सांभाळतं.

वाट सापडली ती पायसाठी वेगळ्या सांभाळलेल्या एफएफएमपेगच्या रेपोमध्ये, म्हणजे कोडच्या भांडारात. रास्पबेरी पाय ओएसमधलं एफएफएमपेग ज्या पॅचमधून तयार होतं, ते इथे आवृत्तीवार ब्रँचमध्ये ठेवलेले असतात. तिथली ६.१ च्या पुढची ब्रँच घेतली की दोन्ही गोष्टी एकाच जागी. क्लोन करताना, म्हणजे तो कोड उतरवताना, 'डेप्थ १' द्या. नाहीतर वीस-पंचवीस वर्षांचा सगळा इतिहास उतरतो, आणि मी तो मोबाइलच्या डेटावर उतरवणार होतो.

आता पॅकेजं. कंपाइलर आणि पीकेजी-कॉन्फिग धरून माझी यादी अशी: लिबडीआरएम, लिबयूडेव्ह, फ्रीटाइप, हार्फबझ, फाँटकॉन्फिग, ओपनएसएसएल आणि तुलनेसाठी एक्स२६४ हा सॉफ्टवेअर एन्कोडर. प्रत्येकाचं 'डेव्ह' शेपटीचं पॅकेज हवं. कॉन्फिगरला दिलेले महत्त्वाचे पर्याय: एनेबल-व्ही४एल२-रिक्वेस्ट, एनेबल-सँड, एनेबल-लिबडीआरएम, एनेबल-लिबयूडेव्ह, एनेबल-लिबफ्रीटाइप, एनेबल-लिबहार्फबझ, एनेबल-जीपीएल, एनेबल-व्हर्जन३. शेवटचा पर्याय लायसन्सपुरता आहे. जीपीएल आणि ओपनएसएसएल ३ एकत्र घ्यायचं तर तो दिल्याशिवाय कॉन्फिगर पुढे जात नाही. एनेबल-शेअर्ड देऊ नका. न दिल्यास सगळं एकाच बायनरीत बसतं आणि सिस्टिमच्या जुन्या लायब्ररींशी भांडण होत नाही. प्रिफिक्स म्हणून ऑप्टमधला वेगळा फोल्डर द्या. तयार एफएफएमपेग काढून त्याच्या जागी आपलं बसवायचा मोह आवरा, इतर प्रोग्रॅम त्याच्यावर अवलंबून असतात.

यातला 'सँड' काय प्रकार आहे ते सांगतो, कारण तो राहिला तर चित्र विचित्र होतं. पायचा डिकोडर फ्रेम आपल्या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे डावीकडून उजवीकडे आडव्या ओळींत ठेवत नाही. १२८ बाइट रुंदीच्या उभ्या पट्ट्यांत ठेवतो. त्याच्या मेमरीला ते सोयीचं. ड्रॉटेक्स्टला मात्र सरळ ओळी लागतात. एनेबल-सँड दिलं की पट्ट्या उलगडून ओळी करण्याचं काम एआरएमच्या निऑन सूचनांनी पटकन होतं. फ्रेम हार्डवेअरकडून साध्या मेमरीत उतरवणं, वर लिहिणं, पुन्हा एन्कोडरला देणं यात थोडा प्रोसेसर खर्च होतोच. फिल्टर लावायचा तर तो सोसावा लागतो.

हार्फबझबाबत सगळ्यात फसवी जागा इथे आहे. ६.१ पासून ड्रॉटेक्स्टला फ्रीटाइप आणि हार्फबझ दोन्ही लागतात. एनेबल-लिबहार्फबझ लिहायचं राहिलं तर कॉन्फिगर तक्रार करत नाही, कंपाइलही नीट होतं. फक्त ड्रॉटेक्स्ट फिल्टर गुपचूप गळतो आणि चालवताना 'नो सच फिल्टर' येतं. म्हणून कॉन्फिगर संपल्यावर पडद्यावर येणारी फिल्टरची लांबलचक यादी उघड्या डोळ्यांनी वाचा. तिथे ड्रॉटेक्स्ट दिसलं आणि एचडब्ल्यूएक्सेलच्या यादीत एचईव्हीसीपुढे (हे एच.२६५ चंच दुसरं नाव) व्ही४एल२-रिक्वेस्ट दिसलं, तरच मेक, म्हणजे प्रत्यक्ष कंपाइल, लावा.

'मेक जे४' लावला आणि चहा घेऊन बसलो. पाऊण तासाच्या आसपास लागतं, पंखा नसेल तर जास्त. पाय ४ ऐंशी अंशाला पोचला की स्वतःचा वेग कमी करतो. दुसऱ्या टर्मिनलमध्ये व्हीसीजेनकमांडचं 'गेट-थ्रॉटल्ड' चालवत राहा. उत्तर शून्य हवं. मला मध्येच ५०००० दिसलं. त्याचा अर्थ, कधीतरी व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं होतं आणि वेग कापला गेला होता. अडॅप्टर मूळचाच होता, पण मी तो एका लांब एक्स्टेंशनच्या टोकाला लावला होता आणि एसएसडीही त्याच पायवरून वीज घेत होती. भिंतीवरच्या सॉकेटला लावल्यावर शून्य आलं. १ किंवा २ जीबीचा पाय असेल तर 'जे२' द्या, मेमरी संपली की कंपाइलर मध्येच मारला जातो.

बिल्ड झालं म्हणजे हार्डवेअर वापरलं जातंय असं नाही. एफएफएमपेग हार्डवेअर मिळालं नाही तर थांबत नाही, काम प्रोसेसरकडे वळवून मोकळं होतं. म्हणून लॉग वाचायचा: 'एचईव्हीसी स्टेटलेस' आणि व्हिडिओ१९ असा उल्लेख असलेली ओळ दिसली की खात्री. दिसली नाही तर दोन गोष्टी तपासा. एक, ज्या युजरखाली चालवताय तो 'व्हिडिओ' ग्रुपमध्ये आहे का. नसेल तर एन्कोडरही 'कुड नॉट फाइंड अ व्हॅलिड डिव्हाइस' म्हणतो. दोन, सीएमए, म्हणजे हार्डवेअरसाठी सलग राखून ठेवलेली मेमरी. स्क्रीन न जोडलेल्या पायवर बरेच जण कॉन्फिग फाइलमधली व्हीसी४ ची (डिस्प्ले ड्रायव्हरची) ओळ निरुपयोगी म्हणून काढून टाकतात, आणि तिच्याबरोबर ती राखीव जागाही कमी होते. एक स्ट्रीम चालतो, दुसरा लावला की मेमरीची चूक. ती ओळ राहू द्या.

एन्कोडरबद्दल अपेक्षा बेताची ठेवा. एक्स२६४ ची सर त्याला नाही. सीआरएफ, म्हणजे फक्त दर्जा सांगून बिटरेट त्याच्यावर सोडणं, चालत नाही, बिटरेट आपणच द्यायचा. मी तिन्ही स्ट्रीम ७२०पी, १५ फ्रेम, ८०० केबीपीएसवर आणले. दर ३० फ्रेमला की-फ्रेम (स्वतःत पूर्ण असलेली फ्रेम), म्हणजे ब्राउझरला द्यायचे चार सेकंदांचे एचएलएस तुकडे बरोबर कापले जातात. पिक्सेल फॉरमॅट 'वाययूव्ही४२०पी' स्पष्ट लिहा. तुकडे एसएसडीवर न लिहिता रॅममधल्या फोल्डरमध्ये लिहितो, जुने आपोआप पुसले जातात. कॅमेऱ्याकडून घेताना आरटीएसपी ट्रान्सपोर्ट टीसीपी ठेवा. शेतातल्या वाय-फायवर, हरवलेला डेटा पुन्हा न मागणाऱ्या यूडीपीने चित्राचे खालचे अर्धे भाग राखाडी होत होते.

आता मजकूर. फाँट असा घ्या ज्यात देवनागरीबरोबर इंग्रजी अक्षरं आणि आकडेही आहेत, कारण फाइलचा मार्ग देऊन फाँट ठरवला की ड्रॉटेक्स्ट दुसऱ्या फाँटकडून उसनवारी करत नाही, चौकोन दाखवतं. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' मला आवडला. लहान आकारातही मात्रा स्पष्ट दिसतात. शेडमध्ये ईएसपी८२६६ या वाय-फायच्या छोट्या बोर्डाला डीएचटी२२ हा आर्द्रतेचा सेन्सर लावलाय. तो वाय-फायवरून आकडा पाठवतो आणि पायवरची छोटी पायथन स्क्रिप्ट 'आर्द्रता ४१ टक्के' अशी ओळ फाइलमध्ये लिहिते. 'टक्के' अक्षरांत लिहिण्याला कारण आहे. ड्रॉटेक्स्टमध्ये टक्क्याचं चिन्ह म्हणजे पुढे काहीतरी सूचना येणार, असा अर्थ होतो; सुटं चिन्ह दिसलं की ते लॉगमध्ये कुरकुर करत राहतं. घड्याळासाठी तेच चिन्ह लागतं, म्हणून घड्याळ वेगळ्या ड्रॉटेक्स्टमध्ये ठेवलं. आणि स्क्रिप्टने चालू फाइलवर थेट लिहू नये. वेगळ्या फाइलमध्ये लिहून मग 'एमव्ही' ने नाव बदलावं. नाहीतर अर्धी लिहिलेली ओळ वाचली जाऊन एफएफएमपेग बंद पडू शकतं, आणि ते पहाटे तीनलाच पडतं.

प्रत्येक कॅमेऱ्याची वेगळी सिस्टिमडी (लिनक्सवर प्रोग्रॅम चालू ठेवणारी यंत्रणा) सर्व्हिस केली, 'रीस्टार्ट ऑलवेज' आणि दहा सेकंदांची थांब देऊन. वीज आल्यावर कॅमेरे पायपेक्षा उशिरा जागे होतात. थांब नसेल तर सर्व्हिस भराभर आपटून सिस्टिमडी तिला कायमची बाद ठरवतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शेडची जाळी भरायला सुरुवात झाली तेव्हा तिन्ही स्ट्रीम चालू होते. पाय शेडमध्ये न ठेवता मामांच्या घरी ठेवलाय. पत्र्याखालची दुपार त्याला झेपणार नाही. तिन्ही मिळून प्रोसेसरचा निम्मा भाग मोकळा राहतो, तापमान साठीच्या आत. मामांनी पहिल्यांदा पाहिल्यावर अक्षरं मोठी करायला सांगितली. तात्यांनी वेगळंच विचारलं: "हे टक्के कितीला गेले की ताडपत्री सोडायची?" ते मामांनी त्यांना सांगितलं.

हे वाचून आज कोणी सुरू करत असेल तर आधी एक बघा. ऑक्टोबर २०२५ पासून रास्पबेरी पाय ओएस डेबियनच्या पुढच्या, ट्रिक्सी आवृत्तीवर आली आहे आणि तिच्यातलं एफएफएमपेग ७.१ आहे, म्हणजे मराठीचा प्रश्न सोडवणारं ड्रॉटेक्स्ट त्यात तयारच असायला हवं. ते चालवून पाहा, 'आर्द्रता' लिहून पाहा, लॉगमध्ये व्हिडिओ१९ शोधा. तिन्ही जमलं तर कंपाइल करायच्या फंदात पडू नका. मी चालू हंगामात चालती गाडी थांबवली नाही, अजून बुकवर्मवरच आहे.

मामांना आता पंपहाऊसजवळ चौथा कॅमेरा हवाय. एन्कोडरची क्षमता १०८०पी ३० फ्रेम, म्हणजे सेकंदाला सव्वासहा कोटी पिक्सेलच्या आतबाहेर. ७२०पी १५ फ्रेमचा एक स्ट्रीम एक कोटी अडतीस लाख खातो. चार झाले की साडेपाच कोटी, बसतंय. पाचव्याला मात्र सगळ्यांच्या फ्रेम १० वर आणाव्या लागतील, हे त्यांना आत्ताच सांगून ठेवलंय.